आत्याच्या तोंडातले खिळे

आत्याशी सकाळी नऊ ते एक या वेळात बोलायला जाऊ नये, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कोणी गेलंच तर उत्तर मिळायचं, पण ते "हं", "उंहूं" आणि "म्म्" यांच्या पलीकडे जायचं नाही. नव्या माणसाला वाटायचं, बाई शिष्ट दिसते. शिष्ट ती मुळीच नव्हती. तोंडात वीस खिळे असताना माणूस आणखी काय बोलणार?

खुर्च्या आणि सोफ्यांच्या गाद्या भरून वर कापड चढवायचं, हा आत्याचा धंदा. वय एकोणसत्तर, अंगकाठी शिडशिडीत, आवाज मात्र दुप्पट मापाच्या बाईला शोभावा असा. भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची, तिचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आणि होता होता पोस्टमनपासून कापडाच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांचीच ती आत्या झाली. ती भाची आता अडतिसाची होती, दोन मुलांची आई होती आणि कारखान्यात आत्याच्या खांद्याला खांदा लावून राबत होती. कारखाना म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक लांबट खोली. एका भिंतीशी कापडाचे तागे, दुसरीशी काथ्याची पोती, आणि मधोमध दोन लाकडी घोड्या, ज्यांच्यावर खुर्ची चढवून काम करायचं.

खिळ्यांचं मात्र नीट सांगायला हवं. ते बारीक, काळसर, चपट्या डोक्याचे, करंगळीच्या नखाएवढे. दर रविवारी आत्या ते उकळायची, फडक्यावर वाळवायची आणि डब्यात भरायची. सकाळी कामाला उभी राहिली की मूठभर खिळे डाव्या गालात जायचे. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं आणि काही झालं तरी ते सोडायचं नाही. मग जीभ गालातून एक खिळा उचलणार, टोक आत आणि डोकं बाहेर असा फिरवणार आणि ओठांवर आणून ठेवणार. उजव्या हातातल्या हातोडीच्या एका तोंडाला चुंबक. ती ओठांना टेकवली की खिळा तिला चिकटायचा. तो लाकडावर टोचायचा, हातोडी उलटी फिरवून दोन ठोके द्यायचे, तोवर पुढचा खिळा ओठांवर हजर. भाचीने एकदा घड्याळ लावून मोजलं होतं, मिनिटाला सव्वीस भरले.

"दोन हात जन्माबरोबर आले," आत्या म्हणायची, "तिसरा बाबांनी दिला."

हे पूर्ण खरं नव्हतं. बाबा ही विद्या शिकवत होते ती तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे भाचीच्या वडिलांना. त्याने नवव्या वर्षी एक खिळा गिळला. दोन दिवस सगळं घर संडासाच्या दाराशी श्वास रोखून उभं होतं. तिसऱ्या दिवशी खिळा सुखरूप बाहेर आला आणि भाऊ धंद्यातून कायमचा बाहेर गेला. तो पुढे कचेरीत कारकून झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. कोपऱ्यात काथ्या पिंजत बसलेल्या थोरलीने मात्र सगळं पाहून ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने न विचारता चार खिळे तोंडात टाकले. बाबांनी पाहिलं. त्यांनी हातोडी तिच्यापुढे सरकवली.

अक्कलदाढ विशीत यावी असा शिरस्ता आहे. आत्याची आली नाही आणि तिची वाटही कोणी पाहिली नाही. खाली डावीकडे, हिरडीच्या आत, ती पन्नास वर्षं आडवी झोपून होती. उठली तीही नेमकी मुहूर्त बघून. गावातल्या जुन्या नाट्यगृहाची डागडुजी चालली होती आणि तिथल्या एकशे ऐंशी खुर्च्यांचं काम आत्याला मिळालं होतं. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ज्याने केली त्याला बहुधा अशीच एखादी आत्या असणार.

सत्तर खुर्च्या झाल्या आणि गाल सुजला. औषधाने उतरला. पुन्हा सुजला, पुन्हा उतरला. तिसऱ्या वेळी हिरडीतून पू आला आणि तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना. आत्याने लवंग धरली, मिठाचं पाणी धरलं, दाढेला शिव्या दिल्या आणि खिळे उजव्या गालात हलवून काम चालू ठेवलं. भाची रोज डॉक्टरकडे चल म्हणायची. भाऊ रोज संध्याकाळी येऊन उलटं सांगायचा.

"या वयात कुठे दाढा काढत बसतेस? हात दाखवून अवलक्षण! आणखी थोडे दिवस कळ काढ. दाढही म्हातारी, तूही म्हातारी."

"दाढ जाईल आधी," आत्या म्हणाली. "मी नाही."

शेवटी एका सकाळी आत्याला ताप भरला आणि भाचीने तिला कामावरून तशीच उठवून दवाखान्यात नेलं. तिथे जबड्याचा पूर्ण फोटो काढायचा होता. एक्स-रे काढणारी मुलगी मोठी शिस्तीची होती.

"चष्मा काढा. कानातलं काढा. केसांत पिना? त्याही काढा. तोंडात धातूचं काही? कवळी, तार वगैरे?"

"कवळी?" आत्या भडकली. "दात आहेत माझे. स्वतःचे."

यंत्र डोक्याभोवती घूं घूं करत फिरलं. मुलीने पडद्याकडे पाहिलं, आणि एवढी शिस्तीची मुलगी, पण तिने तिथूनच हाक मारली, "डॉक्टर! लवकर या! यांच्या जबड्यात खिळे आहेत!"

डॉक्टर धावत आले. तरुण गृहस्थ, हळू बोलणारे. पडद्यावर उजव्या गालाच्या जागी दोन पांढरेशुभ्र खिळे फुलीसारखे एकमेकांवर आडवे पडलेले दिसत होते. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं.

"आजी, तुमचा कधी अपघात झाला होता का? पडला होता? जबड्याचं काही ऑपरेशन?"

"नाही बाई... म्हणजे, नाही हो," आत्या म्हणाली, आणि मग तिची जीभ सवयीने उजव्या गालात गेली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने पाठ फिरवली, पुन्हा वळली आणि दोन खिळे तळहातावर ठेवून पुढे केले.

चष्मा कपाळावर सरकवून तो घरभर शोधणारी माणसं असतात ना, तसलाच प्रकार. दोन खिळे म्हणजे आत्याच्या लेखी रिकामं तोंड. भाची भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत हसत होती. बाहेर बसलेल्या पेशंटांपर्यंत बातमी पोचायला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि एक आजोबा स्वतःचं दुखणं विसरून दारातून डोकावून गेले. फोटो पुन्हा काढावा लागला.

पण त्या फजितीने एक काम झालं. डॉक्टरांनी विचारलं, खिळे तोंडात कशाला? आणि आत्याने नुसतं सांगितलं नाही, तिथल्या तिथे करून दाखवलं. गालातून ओठांवर, डोकं पुढे, टोक मागे. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले.

"डॉक्टर म्हणून सांगतो, तोंडात खिळे धरू नका."

"सांगितलंत. आता दाढेचं बोला. आणि आजी म्हणू नका, मला आत्या म्हणतात."

डॉक्टरांनी फोटोवर पेन्सिल ठेवली. "ही दाढ आडवी आहे आणि पुढच्या चांगल्या दाढेत घुसतेय. हिने त्रास दिला नसता तर या वयात मी हिला हातही..."

"या वयात म्हणायचं नाही. काय असेल ते सरळ सांगा."

"सरळ सांगतो. विशीत हाड मऊ असतं, दाढ लवकर सुटते, जखम लवकर भरते. तुमचं हाड आता कडक झालंय आणि दाढेला घट्ट धरून बसलंय. त्यात हिची मुळं या नसेला टेकलीत. ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव देते. आतल्या अंगाने दुसरी नस जाते, ती जिभेची. ती फोटोत दिसत नाही. दुखावल्या तर बधिरपणा येतो. बहुतेक वेळा जातो, काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी. क्वचित राहतो."

"जिभेचा किती भाग?"

"डावा अर्धा."

आत्याने जीभ डावीकडे फिरवून पाहिली.  कोणाची अर्धी जीभ बधिर झाली तर जेवणाची चव जाईल, बोलताना जरा अडखळेल. आत्याची झाली तर साठ वर्षांचा तिसरा हात जाईल. मग ती कापड एका हाताने धरणार, खिळा घ्यायला सोडणार, पुन्हा धरणार, आणि ते ढिलं पडलेलं कापड रोज आपल्याच डोळ्यांनी पाहणार. दाढ ठेवली तर तोंड उघडणार नाही आणि काढली तर जीभ फिरेल की नाही कोणी सांगू शकत नव्हतं. तिला भीती वाटली. 

मग तिने फोटोकडे बोट केलं. "डॉक्टर, त्रास कोण देतंय? हे डोकं ना?"

"हो. वरचा भाग. तिथेच घाण अडकते."

"मग मुळांच्या मागे कशाला लागताय? आमच्याकडे शंभर वर्षांची खुर्ची येते. तिच्यात गंजलेला खिळा असतो, लाकडाने गच्च धरलेला. तो उपटायला गेलं तर लाकूड उभं फुटतं. मग आम्ही त्याचं डोकं कापून टाकतो आणि बाकीचा खिळा आत राहू देतो. खुर्चीचं काही बिघडत नाही, आणखी शंभर वर्षं चालते."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग हसले. "मी आता तेच सांगणार होतो. असं ऑपरेशन आहे. पण दर वेळी जमत नाही. मुळं निरोगी हवीत आणि घट्ट हवीत. कापताना हलली, तर पूर्ण काढावीच लागतील. आणि जिभेच्या नसेची हमी मी तरीही देणार नाही. बाहेरच्या अंगाने, हलक्या हाताने काम करीन, एवढंच सांगतो."

आत्याने त्यांचे हात पाहिले. पेन्सिल ते टोकाजवळ धरत होते, अंगठा टेकवून, न दाबता. हत्यार असं धरणारा माणूस तिला पटायचा. "करा," ती म्हणाली.

घरी भाऊ तयारच होता. "डोकं कापणार आणि मुळं ठेवणार? अर्धं काम? आणि उगीच ती जीभ लुळी पडली म्हणजे?"

"तुला खिळा गिळायची परवानगी कोणी दिली होती का?" आत्या म्हणाली. "मग मला दाढेबद्दल तू विचारायचं नाहीस."

ताप आणि सूज उतरल्यावर, दहा दिवसांनी सकाळी ऑपरेशन झालं. बधिर करायचं इंजेक्शन दिलं, झोपवलं नाही, म्हणून आत्याला सगळं ऐकू येत होतं. कर्रर्र आवाज, पाण्याचा फवारा, पुन्हा कर्रर्र. डोळ्यांवर फडकं होतं. ती आवाजावरून काम ओळखत होती. आता धार लागतेय. आता थांबला. आता चाचपतोय. घाई नाही करत, शहाणा आहे. मग "टक्" असा बारीक आवाज झाला आणि काहीतरी ताटलीत पडलं.

"मुळं हलत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "गच्च आहेत. तिथेच ठेवतोय."

"हं," आत्या म्हणाली. खिळे नसतानाही तिला तेवढंच बोलता येत होतं.

संध्याकाळपर्यंत ओठ जागा झाला. हनुवटीवर चिमटा काढला तर दुखलं. भाचीने तिच्या गळ्यात पडून अर्धी लढाई जिंकल्याचं जाहीर केलं. उरलेली अर्धी जिभेची होती. ती रात्र गेली, दुसरा दिवस गेला, आठवडा गेला. टाके काढताना डॉक्टरांनी जिभेला बारीक टोकाने स्पर्श केला.

"इथे?"

"कळतंय."

"आता इथे?"

"तुम्ही हात लावलात का?"

डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. नस कापली गेलेली नाही, दुखावली आहे, ती परत यायला हवी, पण तारीख सांगता येत नाही. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, हे आत्याने लोकांना हजारदा ऐकवलं होतं. आता स्वतः ऐकून घ्यायची पाळी आली होती आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

नाट्यगृह उघडायला दहा आठवडे उरले होते. बैठका, पट्टे, स्प्रिंगा सगळं भाची करत होती. अडलं होतं ते खुर्च्यांच्या पाठीच्या गोलाईवर. तिथली लाकडी कड बोटभर रुंद, वळणदार आणि जुनी. तिथे कापड सतत ताणलेलं हवं. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी पिना मारायची गन पाठवून दिली. भाचीने एका पाठीवर चालवली, आणि तिसऱ्याच पिनेला लाकूड वळणावरून फुटलं. आत्याने त्या फटीवरून बोट फिरवलं आणि गन खोक्यात घालून परत पाठवली.

तिसऱ्या आठवड्यात तिने कोणाला न सांगता दारामागे उभं राहून एक खिळा उजव्या गालात घातला. जिभेने उचलायला गेली. अर्धी जीभ ऐकत होती, अर्धी परक्याची होती. खिळा कुठे आहे हेच कळेना. ओठांवर आला तेव्हा भाची दारातून किंचाळली, "आत्या, रक्त!" टोक पुढे आलं होतं आणि जिभेच्या डाव्या बाजूला ओरखडा उठला होता. आत्याला पत्ताच नव्हता. ती पोत्यावर बसली आणि भाचीसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, ढसाढसा रडली.

"संपलं गं माझं. सगळे म्हणत होते तेच खरं. या वयात..."

"हा शब्द या कारखान्यात बोलायचा नाही," भाची म्हणाली. 

संध्याकाळी भाऊ आला. भाचीने त्याला सगळं सांगितलं होतं. आत्या मनाशी तयारच होती, आता हा "मी म्हटलं नव्हतं?" म्हणणार.  पण तो समोर बसला, खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्या हातात दिली. आत कोटाचं एक मोठं बटण होतं. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने कड असलेलं, आणि त्यात जाड दोरा ओवलेला.

"हे काय?"

"बाबांनी मला दिलं होतं. आधी बटण, मग खिळा, असं ते म्हणायचे. दोरा तोंडाबाहेर ठेवायचा, म्हणजे गिळलं जात नाही. कडेची बाजू पुढे आणायची, डोळे मिटून. सहा महिने बटणच फिरव म्हणाले. मी चार दिवसांत कंटाळलो आणि खिळा उचलला. पुढचं तुला माहीत आहे."

"साठ वर्षं ठेवलंस?"

"टाकवलं नाही," भाऊ म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. "दोरा नवीन घातलाय. धुऊनही आणलंय."

आत्या बटणाशिवायच शिकली होती. पाहून पाहून, चोरून. बाबांचा पहिला धडा तिला कधी मिळालाच नव्हता. तो एकोणसत्तराव्या वर्षी मिळाला, आणि आणून दिला तो ज्याने तो टाकून दिला होता त्याने.

दुसऱ्या दिवसापासून आत्या गल्लीत तोंडातून दोरा लोंबकळत असलेली दिसू लागली. पतंगाची शेपटी, म्हणून भाचीच्या मुलांनी चिडवलं. कापडवाल्याने विचारलं, मासे धरता का? आत्या त्याला "म्म्" म्हणाली, आणि त्या "म्म्"चा अर्थ त्याला बरोबर समजला. रोज सकाळी शंभर फेऱ्या, संध्याकाळी शंभर. भाऊ समोर परीक्षक म्हणून बसायचा. "कुठली बाजू?" आत्या एक बोट दाखवायची किंवा दोन. मग बटण बाहेर काढून पाहायचं. पहिल्या आठवड्यात ती निम्म्या वेळा चुकली, म्हणजे नुसता छापा-काटा. भाऊ वहीत फुल्या मारायचा आणि तोंडाने "छान चाललंय" म्हणायचा. त्याला खोटं बोलता येत नसे, पण तो प्रामाणिकपणे प्रयत्न करत होता.

पाचव्या आठवड्यात जिभेच्या कडेला मुंग्या आल्या. सहाव्यात त्या वाढल्या. आणि सातव्या आठवड्यात एका सकाळी आत्या चहाचा घोट घेऊन ताडकन उठली आणि ओरडली.

"भाजलं! भाजलं!"

भाची गार पाणी घेऊन धावली. आत्याने तिला पाण्यासकट मिठी मारली. "अगं, डावीकडे भाजलं! डावीकडे!" आणि ती तशीच ओली, कप हातात घेऊन, घोड्यांच्या मधून नाचली. चहाने जीभ पोळल्याचा एवढा आनंद कोणाला झालेला त्या रस्त्याने पाहिलेला नव्हता. त्या दिवशी बटणाच्या शंभरांपैकी त्र्याण्णव फेऱ्या बरोबर आल्या. भावाने वही मिटली आणि नाक पुसलं.

डॉक्टरांनी जखम पाहिली, भरली म्हणाले. "आणि डॉक्टर म्हणून पुन्हा सांगतो..."

"सांगितलंत," आत्या म्हणाली आणि थेट कारखान्यात गेली. जित्याची खोड.

तिने डबा उघडला. एकच खिळा घेतला आणि डाव्या गालात ठेवला. डाव्या हाताने मखमल गोलाईवरून ओढून घट्ट धरली. भाची आणि भाऊ दोघेही आपण दुसरंच काही करतोय असं दाखवत उभे होते. जिभेने खिळा शोधला. थंड होता. टोक कुठे, डोकं कुठे, लख्ख कळत होतं. फिरला. ओठांवर आला तो चपटं डोकं पुढे करून. हातोडी टेकली, खिळा चिकटला, ठक, आणि मग दोन ठोके. कापड जागचं हललं नव्हतं. आत्याने मागे न बघता हात पुढे केला आणि भाचीने तिच्या तळहातावर मूठभर खिळे ओतले. त्यानंतर एक वाजेपर्यंत आत्या कोणाशीही बोलली नाही.

पहिल्या दिवशी दोन पाठी झाल्या, चौथ्या दिवशी सहा, दुसऱ्या आठवड्यापासून आठ. भाचीने पुन्हा घड्याळ लावलं. मिनिटाला एकवीस. "थांब जरा," आत्या जेवणाच्या सुट्टीत म्हणाली. शेवटच्या खुर्चीला चोवीस भरले. नाट्यगृह उघडायला तीन दिवस बाकी होते. पडदा वर गेला त्या संध्याकाळी व्यवस्थापकांनी आत्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं. नाटक कसं होतं ते तिला सांगता आलं नाही, कारण ती सबंध वेळ मान वळवून बाकीच्या एकशे एकोणऐंशी पाठी बघत होती.

सहा महिन्यांनी मुळं जागेवर आहेत ना हे पाहायला पुन्हा फोटो काढायचा होता. तीच खोली, तीच शिस्तीची मुलगी. या खेपेला भाचीबरोबर भाऊही आला होता.

"चष्मा, कानातलं, पिना," ती म्हणाली आणि हसू दाबत थांबली. "आणि आत्या... तोंडात धातूचं काही?"

"ताटली दे," आत्या म्हणाली.

मुलीने स्टीलची ताटली पुढे धरली. आत्या तिच्यावर वाकली. पहिला खिळा ओठांवर आला आणि ताटलीत पडला, टण्. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक जण डोकं पुढे करून शहाण्यासारखा येत होता. मुलगी मोजू लागली. आवाज ऐकून डॉक्टर शेजारच्या खोलीतून आले आणि दारातच उभे राहिले. भाची पुन्हा भिंतीकडे तोंड करून हसत होती. भाऊ नव्हता हसत, तो ओठ हलवून मोजत होता.

"अकरा," मुलगी म्हणाली. "झाले?"

आत्याने मान हलवली, अजून एक. ती डॉक्टरांकडे वळली. डॉक्टरांनी हात पुढे केला. बारावा खिळा त्यांच्या तळहातावर पडला. त्यांनी तो उचलून उजेडात धरला, डोकं पाहिलं, टोक पाहिलं.

"कुठल्या गालात होता, आत्या?"

"डाव्या," आत्या म्हणाली. "सगळे डाव्याच."